लांबच्या रस्त्याचे टायर

टायरवाल्याने तीन प्रश्न विचारले. साइज काय, वजन किती आणि न्यायचाय किती लांब.

पहिल्याचं उत्तर बेबीने कागदावर उतरवून आणलं होतं. टायरच्या बाजूला जे जे लिहिलेलं होतं ते सगळं, आकडे, अक्षरं, मधली तिरपी रेघसुद्धा, ब्लाउजचं माप घ्यावं तसं एकही न गाळता. दुसऱ्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. तिसऱ्याचं माहीत होतं, पण ते तोंडातून काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

बावन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणं शोभत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण घरात सगळ्यात शेवटी जन्मलेल्या मुलीला एकदा बेबी म्हटलं की म्हटलं. पुढे तिचं लग्न होवो, केस पिकोत, गुडघे दुखोत, बेबी ती बेबीच. आता तिला त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस उरला होता, तिचा दादा. आणि टायर हवे होते ते त्याच्याच घराला.

दादाचं घर म्हणजे ट्रेलर. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची लांबलचक खोली, खाली दोन आस आणि चार चाकं. हौशी लोक सुट्टीत असले ट्रेलर घेऊन फिरायला जातात. दादा अकरा वर्षांत एकदाही कुठे गेला नव्हता. लाकडाच्या वखारीत तो सुतार होता, वखारीच्या मागे मालकाने जागा दिली, तिथे त्याने ट्रेलर उभा केला आणि राहिला. आता मालकाने वखार विकली होती. उद्या शनिवारी दुपारी बाराला नव्या मालकाची यंत्रं येणार होती आणि जे काही जागेवर असेल ते उचलून भंगारात टाकणार होती. नोटीस दोन महिन्यांपूर्वीच आली होती. दादाने ती सरसाच्या डब्याखाली ठेवली आणि बहिणीला सांगितलं ते गेल्या आठवड्यात, तेही फोन ठेवता ठेवता.

"ताई, मी काय विचारतोय?" टायरवाला म्हणाला. "किती लांब?"

"ते अजून ठरायचंय."

"मग टायर कसे ठरवू मी?"

कुठून तरी कॉम्प्रेसर सुरू झाला आणि दोन मिनिटं कोणालाच काही ऐकू येईना. बेबीला बरंच वाटलं. दुकान कसलं, रबराची विहीर होती ती. चारी बाजूंनी छतापर्यंत टायर रचलेले आणि मध्ये टेबलाएवढी जागा. टायरवाला पन्नाशीचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. गिऱ्हाइकाला काही समजत नाही हे तो धरूनच चालत असे, पण त्याबद्दल त्याचा राग नसे.

कॉम्प्रेसर थांबल्यावर तो म्हणाला, "हे बघा, गावातल्या गावात हलवायचा असेल, दोन-चार किलोमीटर, तर मी तुम्हाला कारचे उतरवलेले जुने टायर चढवून देतो. हळूहळू ओढत नेऊ. एकदा जागेवर उभा राहिला की टायरचं काम संपलं. पण हायवेला काढायचा असेल तर मी तसले टायर देणार नाही, तुम्ही पाया पडलात तरी देणार नाही. कारचा टायर बाजूने मऊ असतो, आतल्या माणसाला हादरे बसू नयेत म्हणून. ट्रेलरला बाजू कडक लागते. त्यात माणूस नसतो, नुसतं वजन असतं."

"ह्यात माणूस राहतो," बेबी म्हणाली.

"पण चालू असताना नाही ना राहत?"

"नाही."

"मग ट्रेलरचे माझ्याकडे शेवटचे चार आहेत. चार महिन्यांपूर्वी बनलेले, ताजे. तुम्ही म्हणाल ते करू. फक्त किती लांब ते सांगा."

पैशांचा प्रश्न नव्हता, पैसे तिने बाजूला काढले होते. प्रश्न असा होता की दादाला न्यायला जागा दोनच होत्या. एक तिच्या घरामागचं अंगण, इथून तीन किलोमीटरवर. दुसरी तीनशे चाळीस किलोमीटरवर, दादाबरोबर वखारीत काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या वर्कशॉपमागे. टायर कुठले हे ठरलं की दादा कुठे हेही ठरणार होतं. आणि ते ठरवायला, सगळं जग सोडून, बेबीला उभं केलं होतं.

"वजन तरी सांगा," टायरवाल्याने तिची कीव करून सोपा प्रश्न पुढे केला.

"तेही ठाऊक नाही."

"चला मग, बघूनच येऊ," म्हणून त्याने पिकअपची किल्ली घेतली.

अंगणाचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर बेबी उगाचच दुष्ट वाटेल.

वहिनी गेल्यावर दादा सात महिने बेबीकडे राहिला होता. दु:खात माणूस एक तर आडवा होतो, नाहीतर कामाला लागतो. दादा कामाला लागला. पहाटे पाचला हातोडी सुरू. दारं करकरत होती ती गप्प केली. खिडक्या अडकत होत्या त्या सुटल्या. स्वयंपाकघरातली फळी त्याने बेबीच्या हाताला येईल अशी खाली घेतली, आणि तिच्या नवऱ्याचं डोकं त्या फळीवर आपटायला लागलं. बेबीचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, शांत माणूस. तो काही बोलत नसे, कपाळ चोळत असे. मग एके दिवशी दादाला त्याची खुर्ची दिसली. खुर्ची नवऱ्याच्या वडिलांची होती आणि ती डुगडुगत असे. वडील होते तेव्हाही डुगडुगत असे. ते पेपर वाचताना होणारी ती टकटक ऐकत नवरा लहानाचा मोठा झाला होता. दादाने अर्ध्या तासात चारही पाय दोन बोटं कापून खुर्ची अशी बसवली की हलायचं नाव नाही. वर तेल पाजून ठेवली. नवरा संध्याकाळी घरी आला, खुर्चीत बसला, उठला आणि तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर एक अक्षर बोलला नाही. भांडला असता तर मिटलं असतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दादानेच एका ट्रेलरचा सांगाडा विकत घेतला आणि "मला आपलं एकट्यालाच बरं वाटतं" असं म्हणून निघून गेला.

त्यामुळे गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा नवऱ्याने मुकाट्याने पोलादी टेप काढली आणि अंगणाचं फाटक मोजलं. दोन मीटर बावीस. ट्रेलर, दादाने फोनवर सांगितला तो, दोन मीटर तीस. "आठ सेंटिमीटर कमी पडतंय," नवरा म्हणाला आणि आत जाऊन बसला. बेबीने आपल्या शिवणाच्या टेपने पुन्हा मोजलं, तीनदा मोजलं. कापडाचं असतं तर तिने शिवण उसवून दोन बोटं सैल करून दिली असती. आयुष्यभर तिने कपडे सैल-घट्ट करण्याचंच काम केलं होतं. पण फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत होती, आणि भिंत पाडू या असं ना नवरा म्हणाला ना ती म्हणाली. खोटं कशाला, तिलाही आतून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला आठवडाभर लाज वाटत होती. तिने दादाला फोन केला. "दादा, फाटकातून बसत नाही रे. आठ सेंटिमीटरने अडतंय." दादाने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिने मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री म्हणाला, आण, पाणी आहे, वीज आहे, मलाही इथे बोलायला कोणी नाही. हे तिने दादाला सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणता म्हणता शुक्रवारची दुपार झाली होती.

वखार अर्धी रिकामी झाली होती. छपराखालचे ओंडके गेले होते आणि त्यांच्या जागी पांढरी, उन्हाची सवय नसलेली जमीन दिसत होती. मागच्या बाजूला ट्रेलर उभा होता. दादा पायरीवर, धुतलेला शर्ट घालून, भेटायला पाहुणे यायचे असावेत तसा बसला होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"आलीस? आणि हे टायरवाले का? या, या. टायर बघा आधी. ते बघितल्यावर म्हणाल, बदलायचे कशाला?"

टायर खरोखरच बघत राहावं असे होते. काळेभोर, तुकतुकीत, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या बुटांसारखे. टायरवाला उकिडवा बसला. त्याने अंगठ्याचं नख टायरच्या बाजूवर रेटलं, आणि नखाबरोबर काळा, चिकट पापुद्रा निघून आला. खाली बारीक भेगाच भेगा होत्या.

"ह्याला काय लावता?" त्याने विचारलं.

"जवसाचं तेल. दर रविवारी. लाकडाला पाजतो तेच," दादा म्हणाला. "एक रविवार चुकवला नाही, विचारा हिला."

"किती वर्षं?"

"अकरा."

टायरवाल्याने नख फडक्याला पुसलं. "काका, रबराला तेल चालत नाही हो. तेलानंच गेलेत हे. बोट दाबा, कसं आत जातंय बघा." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने टायर खालच्या बाजूला चाचपला आणि चार आकडे दाखवले. "हे बघा, टायर कधी बनला त्याचे आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बारा वर्षं होऊन गेलीत. तसेही वयाने बादच झाले असते. तेलाचं मनाला लावून घेऊ नका."

दादाने मनाला लावून घेतलं. तो खाली वाकून त्या भेगांकडे बघत राहिला. "मी तर चांगलं म्हणून करत होतो," तो म्हणाला. "मला आधी कोणी सांगितलं कसं नाही?"

कोण सांगणार होतं? बेबी महिन्यातून एकदा डबा घेऊन यायची, तेव्हा तो चाकाशी चिंधी घेऊन बसलेला तिने कितीदा पाहिला होता. तिला कौतुकच वाटलं होतं.

टायरवाला वजनाचा अंदाज घ्यायला आत गेला आणि आतूनच त्याचा आवाज आला, "अरे बाप रे!" ट्रेलर म्हटला की आत प्लाय, पुठ्ठा, असलं हलकंफुलकं असतं. दादाने वखारीत उरलेल्या अस्सल सागवानाचं कपाट केलं होतं, पलंग केला होता, टेबल केलं होतं, आणि वर छताला तुळईसुद्धा दिली होती, जिचा उपयोग दादालाच माहीत. टायरवाल्याने बोटाने टकटक केली. "कारखान्यानं चौदाशे किलो लिहिलंय पाटीवर. तुम्ही वर पाचशे-सहाशे घातलेत काका. हलका टायर ह्याच्याखाली टिकायचा नाही. लांब न्यायचा असेल तर माझे ते चारच चालतील, आणि तेही जेमतेम."

"लांब कुठे?" दादा हसून म्हणाला. "बेबे, तू ह्यांना सांगितलं नाहीस होय? तू बाहेरून ट्रेलर नीट बघितलास तरी का? काहीच कसं बोलली नाहीस?"

बेबीला आल्या आल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं खरं. आता तिने पाहिलं. दोन्ही बाजूंच्या फळ्या नव्हत्या. ऊन लागू नये म्हणून दादाने दुसऱ्याच वर्षी ट्रेलरला बाहेरून दोन्ही अंगांनी जाड फळ्या ठोकल्या होत्या. त्यांच्यामुळेच तो घरासारखा दिसायचा. आता उघडा पत्रा होता. खिळ्यांची शेकडो भोकं एकेक करून लांबी भरून बुजवलेली होती आणि वरून घासून सपाट केलेली होती.

"एकेका बाजूचे साडेचार सेंटिमीटर गेले," दादा म्हणाला. "दोन्ही मिळून नऊ. आता दोन मीटर एकवीस. तुझं फाटक दोन मीटर बावीस. एक सेंटिमीटर हातात राहतो! आठ दिवस लागले, अंगठा थोडा फाटला, पण बसला की नाही? मी उद्या पुढे उभा राहून खूण करीन, ड्रायव्हरने फक्त माझ्याकडे बघत आत घ्यायचं. जाईल. लोण्यासारखा जाईल."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बेबीला बघवेना. चूक तिचीच होती. एका सुताराला तिने "बसत नाही" म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याला बरोबर अर्थ कळला असता. तो म्हणाला असता, ठीक आहे, समजलो. दादाने आयुष्यभर न बसणाऱ्या वस्तूच बसवल्या होत्या. तिने किती कमी त्याचा आकडा दिला, आणि तो रंधा घेऊन कामाला लागला. सहासष्ट वर्षांचा माणूस, एकटा, आठ दिवस.

"आलेच मी," म्हणून ती उरलेल्या ओंडक्यांच्या मागे गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ट्रेलर आता बसतो फाटकातून."

"कसा काय?"

"दादाने बाजू काढल्या."

 पलीकडे दुकानाच्या दाराची घंटी वाजली.

"म्हणजे कायमचं?" नवऱ्याने विचारलं.

"कायमचंच. अजून कसं?"

"तू ठरव. मी कधी नाही म्हटलंय?"

"अहो, मग हो म्हणा ना."

"अगं, तुझा भाऊ आहे. त्यात मी काय बोलायचं? तू म्हणशील ते."

"तुम्ही नाही तरी म्हणा. काहीतरी एक म्हणा."

"समोर गिऱ्हाईक उभं आहे," नवरा म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता, आणि त्याचंही खरंच होतं. "संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी काय बोलू, कपाळ? तिला असा संताप आला की फोन ओंडक्यांवर आपटावा. त्याने नाही म्हटलं असतं तर ती त्याच्याशी भांडली असती, रडली असती, कदाचित जिंकलीही असती. पण काखा वर करून उभ्या असलेल्या माणसाशी भांडणार कसं? आणि पुढची वर्षं तिला स्वच्छ दिसत होती. अंगणात पहाटे पाचची हातोडी. जेवणाच्या टेबलावर गप्प बसलेला नवरा. दोघांच्या मध्ये भाजीचं भांडं घेऊन ती, ह्याच्याकडे बघून हसणारी, त्याच्याकडे बघून हसणारी. ते सात महिने तिने काढले होते, आणि त्या दिवसांत तिचे केस मूठमूठ गळले होते. दादावर तिचा जीव होता. पण तेवढं पुन्हा काढायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि हे वाक्य दादासमोर म्हणायचं बळ तर त्याहून नव्हतं.

ती परत आली तेव्हा टायरवाला घड्याळ बघत होता. "ताई, चाकं काढून दुकानात न्यायची, टायर चढवायचे, परत आणून बसवायचे. आत्ता सांगितलंत तर आज होईल. किती लांब?"

"तीन किलोमीटर," दादाच म्हणाला. "फार तर सव्वातीन. तुमचे ते जुने चालतील, आम्हाला काय हायवेला जायचंय?"

टायरवाल्याने बेबीकडे पाहिलं. त्याला एव्हाना काहीतरी कळलं होतं.

"नवे टाका," बेबी म्हणाली.

"अगं, तीन किलोमीटरला नवे कशाला? उगाच आपलं..."

"नवे टाका. लांबचे." तिने दादाकडे पाहिलं नाही, टायरवाल्याच्या खिशातल्या पेनकडे बघत राहिली. "तीनशे चाळीस किलोमीटर आहे."

वखारीत आता करवत चालत नव्हती, माणसं नव्हती. दादाने मनात अंतर मोजलं.

"मिस्त्रीकडे?" दादाने विचारलं. तेवढ्या अंतरावर त्याच्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं.

"हो."

"त्याला विचारलंस?"

"हो. रविवारी."

"रविवारी," दादा म्हणाला. "रविवारी मी डावी बाजू काढली."

त्याने ते हिशेब लावावा तसं म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. बेबीला वाटलं, आता हा विचारील, का म्हणून. तिने मनात उत्तरंही जमवली, पाण्याची, ड्रेनेजची, शेजाऱ्यांची, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. पण दादाने विचारलं नाही. त्याने चिंधी बांधलेला अंगठा दुसऱ्या हातात धरला, आणि मग एकदम टायरवाल्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "लांबचेच टाका हो. मिस्त्री माझा जुना दोस्त. मीच म्हटलं होतं हिला, त्याला विचारून बघ म्हणून. विसरलोच मी."

तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे ते फारच वाईट बोलला. टायरवाल्याने मान हलवली आणि जॅक आणायला गेला.

टायरवाला चाकं घेऊन गेला आणि परत येईपर्यंत दीड तास गेला. ट्रेलर ठोकळ्यांवर उभा होता. बहीण-भाऊ पायरीवर बसले. बेबीला वाटत होतं, आपण काहीतरी बोलावं; दादा, मला माफ कर, एवढं तरी म्हणावं.  पण माफ कर म्हटलं की कशाबद्दल ते सांगावं लागतं. दादाच अधूनमधून बोलत होता. मिस्त्रीला ऐकू कमी येतं का अजून, तिकडे थंडी पडते का, काढलेल्या फळ्या बरोबर नेता येतील का की वजन वाढेल. वजन वाढेल, ती म्हणाली. मग राहू देत, तो म्हणाला.

टायरवाल्याने चारही चाकं बसवली. टायरचा रंग मंद, कोरा काळा होता, चमक अजिबात नव्हती. "ह्यांना काही लावू नका," त्याने दादाला बजावलं. "पाण्याने धुवा, उन्हात झाका, बस्स." दादाने शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. उद्या सकाळी नऊला आपल्या ओळखीचा ड्रायव्हर मोठी जीप घेऊन येईल, दादाला पुढे शेजारी बसवून थेट नेऊन सोडील, हेही त्याने सांगितलं.

मग तो म्हणाला, "आता एक गोष्ट नीट ऐका. चाक नव्याने बसवलं की पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ते आपली जागा धरतं आणि नट जरा सैल पडतात. पन्नासावर गाडी थांबवायची आणि सगळे नट पुन्हा आवळायचे. विसरायचं नाही. एवढ्या वजनाला नट निघाले तर चाक सुटून जाईल. ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका, तो आपला घाईत असतो. कोण करील?"

दादाने हात पुढे केला. टायरवाल्याने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. चिंधीतून रक्त पुन्हा बाहेर आलं होतं.

"मी करीन," बेबी म्हणाली.

टायरवाल्याने तिच्या हातात लांब दांड्याचा पाना दिला आणि शिकवलं. एक नट आवळला की त्याच्या शेजारचा नाही घ्यायचा, समोरचा घ्यायचा. मग परत इकडचा, मग त्याच्या समोरचा, म्हणजे चाक सरळ बसतं. पुरेसा आवळला की पाना आतून कट्ट वाजतो. बेबीने सगळं अंगाचं वजन टाकून दांडा खाली दाबला. कट्ट. पुन्हा दाबला. कट्ट. दुपारपासून पहिल्यांदाच तिला काहीतरी जमत होतं, आणि ती चारही चाकांचे सगळे नट, आधीच आवळलेले, पुन्हा आवळत सुटली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने बाहीला पुसलं.

"म्हणजे तू येणार?" दादाने विचारलं. तो तिच्यामागे उभा होता. "माझ्याबरोबर?"

तिला त्याच्या आवाजातली आशा ऐकू आली. तिने पाना खाली ठेवला.

"पन्नासपर्यंत," ती म्हणाली.



"हो, हो, तेच म्हणतोय मी. पन्नासपर्यंत," तो म्हणाला, आणि टायरवाल्याकडे वळला. "पन्नासावर काय आहे हो तिथे?"

"काही नाही विशेष. पेट्रोल पंप आहे एक. बस थांबते."

"किती वेळानं असते?"

"तासा-दीड तासानं येते एखादी. काही भरवसा नाही."

"मग असं करू," दादा बेबीला म्हणाला, "नऊला नको, आठलाच बोलवू त्याला. नट आवळून झाले की आम्ही तिथेच उभे राहू तुझी बस येईपर्यंत. तू बसलीस की मग मी निघीन. तुला अशी एकटीला रस्त्यात सोडून कसा जाऊ?"